मोडली काठी, जोडली काठी

गळाने मासे धरणाऱ्या माणसाला विचारा, काठी कशी मोडली? तो हमखास माशाचं नाव सांगेल. दहा किलोचा होता, बारा किलोचा होता, झटका असा दिला की... वगैरे वगैरे. मंडळी, विश्वास ठेवू नका! गळाच्या बहुतेक काठ्या माशाने मोडत नाहीत. त्या मोटारीच्या दारात सापडतात, रिक्षाच्या टपावर आपटतात, आणि आपल्याकडे तर बिचाऱ्या घरात उभ्या केल्या केल्या छताच्या पंख्यात जातात. खट्ट असा आवाज होतो, टोकाचं वीतभर लांबीचं तुकडं जमिनीवर पडतं आणि हौशी माणसाचा रविवार तिथेच संपतो.

मग घरात चर्चा सुरू होते. टाकून द्या आता, नवी आणू. पण जी काठी एका वितीने आखूड झाली आहे, ती खरंच संपली का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला चेन्नईसारखं गाव नाही. त्यातही जॉर्ज टाउन. फोर्ट सेंट जॉर्जच्या उत्तरेला पसरलेली ही जुनी व्यापारी वस्ती. इंग्रज तिला आधी 'ब्लॅक टाउन' म्हणत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंचम जॉर्जच्या नावावरून 'जॉर्ज टाउन' झालं. मराठी माणसाला ही वस्ती एका वेगळ्या कारणाने ठाऊक असते. इथल्या तंबू चेट्टी रस्त्यावरच्या काळीकांबाळ देवीचं दर्शन शिवाजी महाराजांनी १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी घेतलं, अशी परंपरा आहे. गल्लीगणिक इथला व्यापार बदलतो. एका रस्त्यावर कागद आणि लग्नपत्रिका, दुसऱ्यावर लोखंडी सामान, कुठे रसायनं, कुठे दोर आणि दोरखंड. एन. एस. सी. बोस मार्गाजवळच्या एका भागाला तर 'रॅटन बझार' असंच नाव आहे. रॅटन म्हणजे वेत. आणि उत्तरेला थोडं चालत गेलं की रायपुरम, त्यापुढे काशिमेडूचं मासेमारी बंदर. काठी बांधायला किंवा जोडायला जे जे लागतं, त्यातलं बरंचसं या दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात सापडावं, असा हा मुलूख.

एक गंमत. कोकणात आणि मुंबईत गळाच्या नायलॉनच्या दोरीला 'तंगूस' म्हणतात. तमिळ कोळीही तिला 'तंगूसी' म्हणतो. भाषा येत नसली तरी तेवढ्या एका शब्दावर गिऱ्हाइकाचं काम भागावं!

आता मुख्य गोष्ट. गळाच्या काठीला खिळा चालत नाही, स्क्रू चालत नाही. बांबूला भोक पाडलं की तो उभा चिरतो, आणि फायबरच्या पोकळ नळीला भोक पाडणं म्हणजे ती कुठे मोडावी याची खूण करून ठेवणं. म्हणून काठीवरच्या कड्या, ज्यांतून दोरी धावते, त्या फक्त दोऱ्याने बांधलेल्या असतात. वर रोगणाचा किंवा इपॉक्सीचा थर. सगळी मदार दोऱ्यावर!

मद्रासच्या किनाऱ्याला ही कला शिकवायला नको. १८७५ नंतर इथे बंदराची बांधणी सुरू झाली. त्याआधी जहाजं खोल पाण्यात नांगरायची आणि माणसं, माल, सगळं 'मसुला' नावाच्या होड्यांतून लाटा फोडत जॉर्ज टाउनसमोरच्या वाळूवर उतरायचं. मसुला होडीच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. खिळ्यांनी ठोकलेली होडी त्या आदळणाऱ्या लाटांत खिळखिळी व्हायची, शिवलेली मात्र लवायची. कट्टुमरम, म्हणजे ज्याचं इंग्रजांनी 'कॅटामरान' केलं, त्याचाही अर्थ तोच. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. ओंडके दोराने आवळायचे आणि काम झालं की दोर सोडून सुकायला टाकायचे. गळाच्या काठीचंही तसंच असतं. तिनेही लवायचं असतं, म्हणून तिलाही बांधायचं असतं.

का लवायचं, हे एकदा समजलं की पुढची सगळी दुरुस्ती समजते. दहा फुटांची काठी हातात धरली की मासा ओढतो टोकाला, आणि हात असतो बुडाशी. म्हणजे तरफेचा फायदा माशाला, माणसाला नाही! काठी वाकते तेव्हा ती तरफ आखूड होते, झटका शोषला जातो आणि बारीक दोरी तुटत नाही. टोक नाजूक, मध्य लवचिक, बुडखा ताठ. हा उतार जितका एकसारखा, तितकी काठी चांगली. कुठेही एक जागा गरजेपेक्षा जास्त ताठ झाली, की तिच्या अलीकडे-पलीकडे ताण साठतो आणि पुढच्या वेळी काठी तिथे मोडते.

मद्रास इलाख्यात या विषयाचा अभ्यास जुना आहे. हेन्री सुलिव्हन थॉमस हा इथल्या मुलकी सेवेतला अधिकारी, दक्षिण कॅनराचा कलेक्टर. त्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यातून काढलं. पुढे १८८७ साली 'टँक अँगलिंग इन इंडिया' लिहिलं, खास तळ्यांतल्या मासेमारीवर. साहेब नुसता शौकीन नव्हता. विष घालून आणि बारीक विणीच्या सापळ्यांनी माशांची पिल्लं सुद्धा मारली जातात, याबद्दल तो सरकारकडे सतत लिहीत राहिला. त्याचा आवडता मासा महसीर. दक्षिणेतल्या नद्यांतला हा दांडगा काय चीज आहे, ते कबिनी नदीवरचा १९४६ सालचा विक्रम सांगतो. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने गळाने धरलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. अशा माशाने मारलेली पहिली मुसंडी ज्या काठीने झेलायची, ती बनवायची कशाची?

उत्तर होतं, बांबूची. आणि इथे आपल्या देशाचा जो वाटा आहे तो फारसा कुणाला माहीत नसतो.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता. १८४० च्या दशकात त्याने बांबूच्या कामट्या काढून, त्या तासून, सरसाने एकमेकींना चिकटवून काठीचा तुकडा बनवला. पुढे मेन प्रांतातल्या हायरम लेनर्डने सहा कामट्यांची काठी नावारूपाला आणली. प्रत्येक कामटी त्रिकोणी, कोन ६० अंशांचा, सहा जोडल्या की षटकोन. त्यातही मेख अशी, की रंधा मारायचा तो फक्त आतल्या दोन बाजूंना. बांबूच्या बाहेरच्या सालीलगतचे तंतू सर्वांत दाट, सगळी ताकद तिथे, तिला हत्यार लावायचं नाही. आपल्या बुरुडालाही हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. टोपलीला मजबुती हवी तिथे तो सालीची कामटी वापरतो, पोटाची नाही.

या काठ्यांसाठी तिकडे जो बांबू जायचा त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. नाव केन असलं तरी तो वेत नव्हे. वेत म्हणजे ताडाच्या कुळातला वेल, आतून भरीव. तो वाकतो, पण उसळी मारून परत येत नाही. म्हणूनच क्रिकेटच्या बॅटच्या दांड्यात वेत असतो, हाताला बसणारा धक्का तो गिळतो. काठीला उसळी हवी, ती बांबूची. कलकत्त्याच्या बंदरातून जाणारा हा बांबू म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. विदर्भातल्या वाचकांनी तो शंभरदा पाहिलेला असेल, कारण गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातला 'मानवेल' तो हाच! जाड भिंतीचा, कोरड्या जागी तर जवळजवळ भरीव.

मग आपल्या बांबूचं राज्य गेलं कुठे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला 'टॉन्किन' बांबू बाजारात आला. सरळसोट, पेरं लांब, तंतू दाट. मानवेलाची पेरं आखूड, आणि प्रत्येक पेराची गाठ म्हणजे कारागिराची डोकेदुखी. खरं सांगायचं तर टॉन्किनचा विजय गुणांवरच झाला, त्यात अन्याय काही नाही. पण नंतर जे झालं ते मात्र सलतं. ज्या जातीच्या बांबूवर पाश्चात्त्य कारागिरांनी हात साफ केला, तो आपल्याकडे अनेक दशकं मुख्यतः कागद गिरण्यांत लगदा होण्यासाठी गेला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा कुठे त्याच्या किमतीचा विचार गावाच्या बाजूने होऊ लागला.

साध्या, रीळ नसलेल्या काठीसाठी आजही देशी बांबूला तोड नाही. चेन्नईच्या आसपासच्या तळ्यांवर किंवा कोकणातल्या खाडीवर पोरं जी गरी घेऊन बसतात, ती हीच. मात्र कापताना थोडा विचार हवा. बांबू तीन-चार वर्षांचा झालेला असावा, कोवळा नको. पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवसांत कापावा, कारण ओल्या बांबूत पिष्टाचा अंश जास्त आणि त्यावर भुंगा तुटून पडतो. अंधाऱ्या पक्षात कापावा, असं जुने लोक सांगतात. कापल्यावर काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवला की पिष्ट निघून जातं. मग सावलीत उभा सुकवायचा, उन्हात आडवा टाकायचा नाही, नाहीतर तडकतो. वाकडा असेल तर मंद आचेवर फिरवत शेकायचा, गरम असतानाच हाताने सरळ करायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचा. घाई केली की करपतो.

आता पुन्हा पंख्यात गेलेल्या काठीकडे येऊ. त्याआधी एका मोडलेल्या काठीची गोष्ट ऐकाच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ च्या सुमारास, आर्थर हॉवल्ड नावाचा अमेरिकन रसायनतज्ज्ञ मिशिगनमध्ये मासे धरायला गेला आणि त्याच्या बांबूच्या काठीचं टोक मोडलं. युद्धामुळे नवं टोक मिळेना. तो प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्याने काचेचे तंतू राळेत भिजवून स्वतःच टोक बनवलं. दुरुस्ती मूळ काठीपेक्षा सरस निघाली! त्यातून शेक्सपियर कंपनीची 'वंडररॉड' १९४७ साली बाजारात आली. १९५० साली कोरियन युद्धात अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, टॉन्किन बांबू मिळेनासा झाला आणि फायबरग्लासने मैदान मारलं. १९७० च्या दशकात त्याची जागा कार्बनने घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आज जगभर विकल्या जाणाऱ्या फायबरच्या काठ्यांच्या कुळाची सुरुवात, एका माणसाने मोडकी काठी टाकून दिली नाही, इथून झाली.

टोक मोडलं असेल तर काम सर्वांत सोपं. फाटलेला भाग बारीक दातांच्या करवतीने सरळ कापा. कात्री किंवा पक्कड लावू नका, नळी चिरडते. तुटलेल्या तुकड्यावरची टोकाची कडी हलक्या आचेने सैल होते, कारण ती बहुधा गरम करून वितळणाऱ्या सरसाने बसवलेली असते. आच कडीला द्यायची, काठीला नाही. जास्त तापलेला कार्बन आतून मेलेला असतो आणि बाहेरून तसाच दिसतो. काठी आखूड झाल्यामुळे तिचं नवं टोक जाड असेल, म्हणजे कडीही मोठ्या मापाची लागेल. काठी थोडी ताठ होईल, पण एका वितीच्या फरकाने कुणाचा मासा सुटलेला नाही.

मधोमध मोडली तर कसब लागतं. आत दुसऱ्या एखाद्या मोडक्या काठीचा तुकडा घालायचा, जो आतल्या पोकळीत घट्ट बसेल. दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच तरी हवा. काठी निमुळती असते म्हणून हा तुकडा बुडाच्या बाजूने सोडायचा आणि तुटलेल्या जागेतून बाहेर येऊन अडेपर्यंत ढकलायचा. अॅराल्डाइटसारख्या इपॉक्सीने चिकटवायचा आणि वरून दोऱ्याचे घट्ट वेढे. इथे लोभ आवरायचा. आतला तुकडा फार जाड किंवा फार लांब घातला, की ती जागा लोखंडासारखी ताठ होते आणि मग काठी शेजारी मोडते. बुडाजवळची मोड अशी छान सांधता येते. टोकाजवळची नाही, तिथे कापून आखूड करणंच शहाणपणाचं. आणि घासकाम करताना नाकातोंडाला फडकं, घासायचं ते पाण्याने ओलं करून. कार्बनची धूळ फुप्फुसात आणि त्याची कुसं बोटांत, दोन्ही वाईट.

कडी बांधणं हे घरातली कुणीही शिकू शकेल असं काम. बॅटच्या दांड्याला दोरा गुंडाळताना ज्याने पाहिलं आहे त्याला तर अर्धं येतंच. कडीचा पाय काठीवर चिकटपट्टीने तात्पुरता धरायचा. दोऱ्याचं टोक पहिल्या काही वेढ्यांखाली दाबायचं आणि वेढे एकाला एक लावून पायावर चढवत न्यायचे, मध्ये फट नको, एकावर एक नको. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की त्यांच्याखाली वेगळ्या दोऱ्याचा फास ठेवायचा, वेढे पुरे करायचे, मूळ टोक फासात ओवायचं आणि फास ओढून काढायचा. टोक आत गडप. गाठ कुठेच नाही!

मग इपॉक्सीचा पातळ थर. राळ आणि घट्ट करणारं द्रव यांचं माप बनवणाऱ्याने सांगितलेलं तेच, अंदाजपंचे नाही. चुकलं तर ते कायमचं चिकट राहतं. थर दिल्यावर पहिले काही तास काठी सारखी फिरवत ठेवावी लागते, नाहीतर थेंब खाली ओघळून लोंबतात. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा काळ. त्या दमट हवेत थर दुधाळ होण्याची भीती, म्हणून कोरड्या दिवसाची वाट पाहिलेली बरी. मुंबईकरांनी हे जून ते सप्टेंबरला लागू करावं.

किती कड्या हव्यात? साधारण काठीच्या फुटाला एक, आणि टोकाची वेगळी. बुडाकडे अंतर जास्त, टोकाकडे कमी. बांधण्याआधी चिकटपट्टीवरच दोरी ओवून काठी वाकवून पाहावी. दोरी काठीचा बाक धरून गेली पाहिजे, मधेच सरळ रेषेत सुटून गेली तर कडी सरकवा.

अनेकदा काठी चांगली असते आणि दोरीच वारंवार तुटते. दोष बहुधा कडीच्या आतल्या चिनी मातीच्या वळ्यात असतो. त्याला केसाएवढी चीर गेलेली असते, डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून ओढून पाहा. जिथे तंतू अडकून राहील ती कडी बदला.

समुद्रावरून आल्यावर काठी गोड्या पाण्याने धुणं हे तर चेन्नईच काय, मुरूड-मालवणलाही चुकवू नये. मीठ कडीच्या पायाशी, दोऱ्याखाली शिरतं आणि तिथे गंज चढतो. वरून काही कळत नाही, एक दिवस कडी सुटून हातात येते.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीच्या पलीकडची. कार्बन विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखाली दहा-बारा फुटांची कार्बनची काठी उभी धरणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि तारेला स्पर्श व्हायलाच हवा असंही नाही. उच्च दाबाची वीज अंतर ओलांडून झेप घेते. असे मृत्यू झाले आहेत. ब्रिटनमध्ये गळ टाकणाऱ्यांना तारांपासून किमान ३० मीटर दूर राहायला सांगतात. आपल्याकडे तलावांच्या बांधावरून, खाडीच्या पुलांशेजारून तारा सर्रास जातात. पाण्याकडे बघण्याआधी वर बघावं. ढग गडगडू लागले की काठी आडवी ठेवून निघावं, मासा लागलेला असला तरी.

उरला शेवटचा त्रास, अडकलेला सांधा. दोन भागांची काठी दिवसभर वापरली की संध्याकाळी सुटत नाही. पक्कड लावू नका, पिळू नका. पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून आतल्या भागाला मेणबत्तीचं मेण चोळून ठेवा. आजचं काय? काठी गुडघ्यांच्या मागून आडवी न्या, सांधा मधोमध ठेवा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना हातांनी घट्ट धरा, हात मांड्यांच्या बाहेरून. मग हातांनी ओढू नका, गुडघे हळूहळू एकमेकांपासून दूर न्या. बघणाऱ्याला हसू येतं. पण सांधा सुटतो.